तीट आणि फोटो

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत घरोघरी बोरन्हाण चालतं. काळं झबलं नि हलव्याचे दागिने घालून बाळाला पाटावर बसवतात. डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे ओततात आणि जमलेली पोरं ते वेचायला झेपावतात. उत्सवमूर्तीला या कशाचं सोयरसुतक नसतं. ती मनगटावरचा हलवा चाटण्यात गुंग. दृष्ट लागू नये म्हणून आजी गालाला काजळाची तीट लावते, आणि ती वाळते न वाळते तोच आई त्या गालाचा फोटो साऱ्या जगाला दाखवून मोकळी होते. दिवेलागणीला आजी मीठ-मोहऱ्यांनी आल्यागेल्यांची दृष्ट काढते. फोनमधून येऊन गेलेल्यांना कोणत्या मुठीत धरायचं, हे मात्र तिला उमगत नाही.

तशी बाळाची संमती पूर्वीही कुणी विचारत नव्हतं. स्टुडिओत पालथं घातलेलं, मान उचलून टकामका बघणारं उघडंबंब बाळ कित्येक घरांतल्या अल्बममध्ये सापडेल. पण तो अल्बम कपाटात साड्यांखाली निजलेला असे. चहापर्यंत थांबणाऱ्या पाहुण्यांना आणि नव्या सुनेला तेवढं त्याचं दर्शन घडे. मिसरूड फुटलेला मुलगा एखाद्या दुपारी तो फोटो गुपचूप उपटून टाकी. काळ्या पानावर चिकटवलेले चार कोपरे उरत, आणि प्रकरण मिटे. आताच्या फोटोला उपटायला कोपराच नाही.

आपल्याकडे २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यानं १८ वर्षांखालच्या मुलांची माहिती हाताळण्याआधी आईबापांची संमती घ्यायला सांगितलं, आणि माणसाचा खासगी, घरगुती वापर कक्षेबाहेर ठेवला. राखण कुंपणाकडे सोपवली खरी, पण कुंपणालाच शेताचं कोण कौतुक! फ्रान्सनं २०२४ साली जरा पुढचं पाऊल टाकलं: मुलाच्या छबीचा हक्क आईबापांनी मिळून जपायचा, आणि वय नि समज पाहून मुलालाही त्यात सामील करून घ्यायचं.

सामील करून घेतलं की गंमत सुरू होते. पहिलीतल्या माझ्या भाचीला तिच्या आईनं विचारलं, तर बाईसाहेब म्हणाल्या, "आधी दाखव." दोन बोटांनी फोटो मोठा करून पडलेल्या दाताची खिडकी न्यायाधीशाच्या गांभीर्यानं तपासली आणि निकाल दिला, "आजीला पाठव. बाकी कुणाला नको." आई किंचित हिरमुसली. लेकराचं कौतुक घरात मावत नाही, ते कुठेतरी सांडणारच, हे खरं. पण शेकडो अंगठ्यांपुढे सांडण्यापेक्षा ते आजीपुढे सांडलेलं बरं. आजी लगेच फोन करते, आणि दाताची चौकशी आईकडे न करता थेट दाताच्या मालकिणीकडे करते.