जरा सरका

पुणे विद्यापीठाचा परिसर 411 एकरांचा आहे असं मी आण्णांना फोनवर सांगितलं, तर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "बागायत का जिरायत?" झाडं बक्कळ आहेत म्हटल्यावर त्यांचं समाधान झालं. जरा थांबून म्हणाले, "आन् एवढ्या रानात तू झोपायलास कुठं?"

खरं उत्तर होतं, दोन खाटांच्या मधे. पण आमच्या परभणीकडं बापाला अशी उत्तरं देत नाहीत. मी म्हटलं, "व्यवस्था झालीय."

वसतिगृहाची यादी लागेपर्यंत बाहेरगावचं पोरगं पुण्यात तगतं कसं, याची तजवीज आमच्या आधीच्या कित्येक पिढ्यांनी करून ठेवली आहे. खोली ज्याच्या नावावर तो मालक, आणि त्याच्या खोलीत बिननावाचा राहतो तो पॅरासाइट. इथं गणेशखिंडीत ही शिवी नाही, हुद्दा आहे. "हा आपला पॅरासाइट" अशी ओळख करून देताना माणसाच्या आवाजात माया असते. मी एम.ए. इतिहासाचा विद्यार्थी नंतर झालो. त्याआधी मी पाथरीच्या एका सरांचा पॅरासाइट होतो.

पॅरासाइटनं मालकाच्या आधी आंघोळ करायची नसते. मोबाइल चार्जिंगला लावायचा तो सगळ्यांचे झाल्यावर. रेक्टर फिरतीवर आले तर "भेटायला आलोय" म्हणायचं, आणि नुसता भेटायला आलेला माणूस हाफ पँटवर, तोंडात ब्रश धरून का उभा आहे, याचं उत्तर आधीच पाठ करून ठेवायचं. आमचे मालक पीएच.डी. करत होते. कितव्या वर्षाला आहात, असं पीएच.डी.वाल्याला विचारायचं नसतं. हे मला पहिल्याच रात्री त्यांच्या रूममेटनं पायानं ढोसून कळवलं.

प्रवेशाच्या कागदांत रॅगिंगविरोधी हमीपत्र असतं. एक विद्यार्थ्यानं द्यायचं, एक पालकांनी. आण्णांनी ते दोनदा वाचून घेतलं आणि विचारलं, "म्हंजे तू कुणाला तरास देणार न्हाईस, ही गॅरंटी मी घ्यायची?" घरात तांब्या आपटला तरी मी दचकतो, हे त्यांना ठाऊक आहे, तरी सही करताना त्यांचा चेहरा सोसायटीच्या कर्जाला जामीन राहिल्यासारखा झाला होता. प्रत्यक्षात कुणी रॅगिंग केलं नाही. मार्गदर्शन केलं. यूजीसीच्या 2009 च्या नियमांत रॅगिंगची व्याख्या पानभर आहे, मार्गदर्शनाबद्दल चकार शब्द नाही, आणि त्याचाच फायदा सीनियर लोक घेतात. रात्री साडेअकराला दिवा मालवल्यावर अंधारातून आवाज येतो, "नेटचा फॉर्म भरणार का सेटचा?" दोन्ही म्हटलं तर एकावर लक्ष द्या म्हणतात. एक म्हटलं तर दुसरीचं काय म्हणून विचारतात. गप्प राहिलं तर बी.एड. सुचवतात.

आई जरा वेगळ्या कारणानं काळजीत होती. इथल्या जेवणाच्या जागेला रिफेक्टरी म्हणतात. हे नाव कुणी ठेवलं कोण जाणे, पण पिढ्यान्‌पिढ्या पोरं ते बिनबोभाट म्हणतात. मी फोनवर सांगितलं, "रिफेक्टरीत जेवतो." आठवड्याच्या आत गल्लीत झालं की पोरगं पुण्याला जाऊन फॅक्टरीत लागलं. आत्याचा फोन आला. पगार किती, शिफ्ट कोणती, आणि आमच्या बबनचं काही जमेल का. मी म्हटलं, आत्या, मी शिकायलोय. "ट्रेनिंगमधी पगार कमीच असतो," आत्यानं समजूत घातली.

तर, अभ्यास. दिवसभर बसायचं कुठं? खोलीत दिवसाउजेडी राहणं पॅरासाइटच्या शिष्टाचाराबाहेरचं. म्हणून सकाळी जयकर ग्रंथालयाचा वाचनकक्ष गाठला. ग्रंथालय पहिले कुलगुरू बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या नावाचं. 1949 पासूनचं विद्यापीठ. पुस्तकं इतकी की माणसानं कोपऱ्यात बसून म्हातारं व्हावं. पण कोपऱ्यात लक्ष्मीकांत बसलेले असतात. म्हणजे माणूस नव्हे, राज्यघटनेवरचं ते जाडजूड पुस्तक. स्पर्धा परीक्षेचं पोरगं चहाला जाताना खुर्चीवर लक्ष्मीकांत, त्यावर पाण्याची बाटली आणि बाटलीला टेकून हातभर मोठं वेळापत्रक ठेवून जातं. माणसाला सरका म्हणता येतं. लक्ष्मीकांतला कोण म्हणणार? तिथं सगळे एकमेकांना सर म्हणतात, अगदी तेवीस वर्षांचेही. कुणी कलेक्टर झालाच तर ओळख आतापासून असावी, असा दूरदर्शी हिशेब त्यामागं असावा. मीही दोन खुर्च्यांमधल्या स्टुलावर बसून एकाला सर म्हणू लागलो. तो मला सर म्हणू लागला. आम्हा दोघांना एकमेकांची नावं अजून माहीत नाहीत.

परिसरात रिकाम्या खुर्च्या म्हणाल तर एकाच ठिकाणी भेटतात, आमच्या वर्गात. पटावर नावं पुष्कळ, पण बरीचशी वाचनकक्षात लक्ष्मीकांतजवळ. कॉलेजात बी.ए.ला ऐंशी पोरांत मागच्या बाकावर हयात काढलेल्या माणसाला हा धक्का असतो. इथं मागचा बाक नाहीच. लांबुळकं टेबल, सर एका टोकाला, आणि आपण त्यांच्या नजरेच्या टप्प्यात. त्यातून ते "तुम्ही" म्हणतात. "तुमचं यावर काय मत आहे?" असं मला आयुष्यात पहिल्यांदा कुणी विचारलं तेव्हा मी मागं वळून बघितलं, तर भिंत. 88 क्रेडिट, एका क्रेडिटला 15 तास, हे गणित मी रात्री झोप येईना तेव्हा करतो. मत असण्याला क्रेडिट किती, ते मात्र अजून कुठं सापडलेलं नाही.

इतिहास शिकायला जागा मात्र नंबर एक. मुख्य इमारत म्हणजे मुंबईच्या गव्हर्नरांचा पावसाळी मुक्काम. 1860 च्या दशकात बांधायला काढलेला. एक साहेब, तोही पावसाळ्यापुरता, आणि खोल्या मोजता मोजता मान दुखावी. आमच्या खोलीत दोघांच्या जागी चौघं, आणि बारमाही. व्हिक्टोरिया राणीच्या हीरक महोत्सवाचा समारंभ इथंच झाला होता. 22 जून 1897 च्या त्या रात्री बग्गीतून परतणाऱ्या प्लेग अधिकारी रँडवर चापेकर बंधूंनी गणेशखिंड रस्त्यावरच गोळ्या झाडल्या. शाळेत हे चार मार्कांचं टिपण होतं. आता त्याच रस्त्यानं संध्याकाळी बसमध्ये लोंबकळताना वाटतं, आजच्या दिवशी ती बग्गी चौकातच तासभर अडकली असती आणि चापेकरांना रस्त्याकडेला चहा मागवावा लागला असता.

सगळ्यात लवकर जीव रमला तो मोडीच्या वर्गात. मोडीत आधी पानभर रेघा ओढून घ्यायच्या आणि मग अक्षरं त्यांना लटकवायची. हात उचलायचा नाही. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. हे कळल्यावर ही लिपी माझीच शुद्धलेखनाची वही बघून काढली असावी, अशी माझी खात्री झाली. आणि शब्दाशब्दांत जागा सोडत नाहीत. अक्षरं खेटून चाललेली, कुठं एक शब्द संपला आणि दुसरा सुरू झाला ते ज्याचं त्यानं ओळखायचं. बाकीची मुलं यापुढं टेकीला येत. मला काहीच वाटलं नाही. आमच्या खोलीत रात्री एक कूस बदलली की अख्खी ओळ बदलायची.

यादी लागली. माझं नाव वेटिंगमध्ये. पाथरीच्या सरांनी नुसतं "राहा" म्हटलं आणि उशी अर्धी पुढं ढकलली. आता मी आंघोळीला तिसरा आहे.

मोडीची बातमी मात्र गावाकडं पोचली. 2023 मध्ये मराठा आरक्षणासाठी जुन्या कागदांत कुणबी नोंदींची शोधाशोध सुरू झाली, तेव्हापासून आमच्या भागात मोडी वाचणाऱ्याला तलाठ्याच्या खालोखाल मान आहे. इतिहासात एम.ए. करून काय उजेड पाडणार, असं विचारणारे चुलते म्हणजे तात्या, त्यांचा परवा रात्री स्वतःहून फोन. आवाजात साखर. आधी फोटो पाठवला होता: पिवळा कागद, मधोमध घडी, एक कोपरा कसरीनं खाल्लेला. वाड्यामागच्या परड्याची जागा कुणाच्या नावावर, तेवढं वाचून सांग.

मी फोटो मोठा करून बघितला, आडवा करून बघितला. पाथरीच्या सरांनीही बघितला. आमचा मुलूख सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता, आणि निजामाचा महसूल मोडीसाठी थांबला नव्हता.

"तात्या, हे उर्दू आहे."

"बरं. मग वाच."

"मला मोडी येती, तात्या. उर्दू न्हाई."

पलीकडं बराच वेळ नुसता टीव्हीचा आवाज.

"तुमच्या त्या विद्यापीठात उर्दूचा वर्ग नसंल का?"

"असंल की."

"मग उद्यापासून त्यात जाऊन बस. आन् जरा लवकर उरक, शेजारी पत्रे टाकायलाय."