मुरलेला पैसा

थायलंडात म्हातारपण काढायला आलेल्या विलायती पेन्शनरांचा हिशेब फार वर्षं सोपा होता. परदेशातली कमाई त्याच वर्षी आणली तर कर. लोणच्यासारखी मुरवून पुढच्या वर्षी आणली तर माफ. १ जानेवारी २०२४ पासून महसूल खात्याने बरणीच जप्त केली. वर्षात १८० दिवस मुक्काम झाला, की २०२४ पासूनची कमाई केव्हाही आणा, ती करपात्र. दर चढत चढत ३५ टक्क्यांपर्यंत.

गंमत पुढेच आहे. निवृत्तीच्या व्हिसासाठी बँकेत ८ लाख बाट दाखवा, नाहीतर महिना ६५ हजारांची आवक. म्हणजे एक खातं दटावतं, पैसे आणा. दुसरं विचारतं, कुठल्या साली कमावलेत? त्यात २०२३ अखेरपर्यंतच्या बचतीला सूट. झालं! हुआ हिनच्या किनाऱ्यावर आता ज्याचा त्याचा पैसा नेमका त्याच काळातला निघतो. (संध्याकाळची बिअरसुद्धा म्हणे जुन्या बचतीतली.) मायदेशी जन्मभर ‘कायदा म्हणजे कायदा’ म्हणणारे आजोबा इथे पासपोर्टवरचे शिक्के मोजत बसतात आणि १७९ दिवस भरले, की त्यांना अचानक व्हिएतनाम बघायची हुक्की येते.