रत्नागिरी किती खाड्या?

कोकण किनाऱ्याने गाडी काढायची असं घरात ठरलं, की पहिला प्रश्न येतो ‘किती किलोमीटर?’ हा प्रश्न मूळचा घाटावरचा. तिथे रस्ता एका गावाहून दुसऱ्या गावाला निघतो आणि वाटेत थोडाफार बहकला तरी पोचतो. आपला किनारा मात्र ७२० किलोमीटरचा आणि नकाशात दात पडलेल्या कंगव्यासारखा दिसणारा. सह्याद्रीत उगम पावणाऱ्या इथल्या नद्यांना समुद्र गाठायची भारी घाई. त्या पश्चिमेकडे धावत सुटतात आणि मुखाशी ऐसपैस खाड्या करून ठेवतात. दोन खाड्यांच्या मधे जांभ्याचा सडा. त्यामुळे सागरी म्हणवणारा महामार्ग बराच वेळ सागराकडे पाठ करून सड्यावर चढतो, काजू-आंब्याच्या बागा दाखवतो, वळणं घेत खाली येतो, समुद्राचं ओझरतं दर्शन घडवतो आणि खाडी आडवी आली की चक्क संपतो. अशा मुलखातलं अंतर किलोमीटरात सांगणं म्हणजे दिशाभूल. ते खाड्यांत सांगावं, एवढंच माझं म्हणणं आहे.

या मापाने अलिबागहून रत्नागिरी चार खाड्या आहे. रेवदंड्याला पूल असल्यामुळे ती खाडी हिशेबात धरायची नाही. आगरदांडा ते दिघी, बागमांडला ते वेश्वी, दाभोळ ते धोपावे आणि तवसाळ ते जयगड, या चार ठिकाणी मात्र गाडी फेरीबोटीत घालावी लागते. दाभोळचंच घ्या. समोर धोपाव्याचा धक्का दिसत असतो आणि बोट काही मिनिटांत तिथे पोचवते. बोट चुकली आणि रस्त्यानेच जायचा हट्ट धरला, तर खेड-चिपळूणचा वळसा शंभर किलोमीटरच्या वर जातो. म्हणजे एकाच अंतराची दोन उत्तरं, आणि कोणतं खरं ठरणार ते धक्क्यावरची रांग ठरवते. गाडीत अश्वशक्ती कितीही असो, बोटीत सगळे घोडे हँडब्रेक ओढून उभे. ‘सकाळी दिवेआगर, दुपारी हर्णै, संध्याकाळी गणपतीपुळे’ असा बेत आखणाऱ्याने किलोमीटर बरोबर मोजलेले असतात. मधल्या तीन खाड्या तेवढ्या मोजायच्या राहतात.

यावर तरुण पिढी म्हणेल, की हल्ली मोबाइल सगळं सांगतो. रस्त्याचं सगळं सांगतो, मान्य. पण या सहलीचा अर्धा कारभार समुद्राच्या हातात, आणि त्याचं वेळापत्रक भिंतीवरच्या कॅलेंडरात असतं. तिथीची पाऊणपट करा, भरतीची ढोबळ वेळ मिळते: चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या. म्हणूनच अष्टमीच्या दुपारी जी पुळण क्रिकेटचं मैदान वाटते, तीच पौर्णिमेच्या दुपारी बरीचशी पाण्याखाली असते. हे ठाऊक नसलेले उत्साही लोक फोटोसाठी गाडी थेट वाळूत घालतात आणि मग गावातला ट्रॅक्टर शोधत फिरतात. चाक रुतल्यावर मोबाइलचा उपयोग ट्रॅक्टरवाल्याला फोन लावण्यापुरता. कॅलेंडरात महिनाही बघावा. जून-जुलैत कोकण सर्वांत देखणं असतं, पण नेमकी तेव्हाच मासेमारीला बंदी असते. हिरवाई आणि ताजा पापलेट एकाच सहलीत मागणं हा हावरटपणा झाला.

दुसरा आक्षेप व्यवहारी लोकांचा: एवढा खटाटोप कशाला, मुंबई-गोवा महामार्गाने सरळ जावं. जरूर जावं. तो माणगाव, महाड, चिपळूण, संगमेश्वर असा आतून जातो. त्या वाटेने गोव्याला पोचता येतं, फक्त तिला किनाऱ्याची सहल म्हणू नये. रत्नागिरीच्या अलीकडे आरे-वारेला रस्ता समुद्राला अगदी खेटून जातो, ते सुख महामार्गाच्या नशिबी नाही. आणि असा तुकडा डोळ्यांत भरतो, याचं श्रेय आधीच्या चार खाड्यांनी घडवलेल्या उपासाला द्यायला हवं.

तिसरा आक्षेप खरा वजनदार. रेवस ते रेड्डी सलग सागरी रस्त्याचं स्वप्न बॅरिस्टर अंतुल्यांच्या काळापासूनचं आहे, आणि आता खाड्यांवर पूल आखलेले आहेत. ते झाले की आमचं माप मोडीत निघणार. निघू दे. वेळेवर दवाखाना गाठू पाहणाऱ्या गावकऱ्याला पूल हवाच. पर्यटकाच्या गमतीसाठी त्याने धक्क्यावर ताटकळत का राहावं? पण त्यामुळे सहलीचा बेत सोपा होईल, ही आशा मात्र कुणी धरू नये. पूल झाल्यावर मंडळी जेवणाच्या वेळेआधीच रत्नागिरीच्या वाटेवरच्या एखाद्या घरगुती खानावळीपुढे उभी राहतील, आणि मालकीणबाई नेहमीच्या शांतपणे विचारतील, “काल फोन केला होतात का?” त्या प्रश्नावर पूल बांधण्याची योजना अजून कुठल्याच सरकारने आखलेली नाही.