शाळेचं पटांगण आणि आमची एकजूट

गिरगावात एखादी जागा रिकामी पडली की तिच्याबद्दल मत नसलेला माणूस सापडत नाही. मत नसलेल्याला पागडीच्या खोलीत राहू देत नाहीत, असा आमच्या चाळीत समज आहे.

ठाकूरद्वारजवळच्या आमच्या गल्लीतली मराठी शाळा मुलांअभावी बंद पडली, तेव्हा कोणी फारसं हळहळलं नाही. पण त्या भूखंडावरचं शाळेचं आरक्षण बदलून तिथे निवासी टॉवर होऊ द्यायचा, अशी नोटीस पेपरात आली आणि गल्लीला एका रात्रीत शिक्षणाचा पुळका आला. चाळीच्या बैठकीत मी सहज म्हणालो, "नगररचना अधिनियम १९६६, कलम ३७. महिन्याच्या आत हरकती द्यायच्या असतात." तिथेच घात झाला. सगळ्या माना माझ्याकडे वळल्या.

"मग तुम्हीच लिहा. बँकेत होतात ना!"

बँकेत मी जन्मभर दुसऱ्यांच्या अर्जांत खोडी काढल्या. स्वतः अर्ज लिहायची पाळी कधी आली नव्हती. पण खुर्ची पुढे सरकवली गेली, चहा आला, आणि मी स्वतःला लोकमान्यांच्या आसपास कुठेतरी समजू लागलो.

वही घेऊन घरोघर मतं गोळा करायला निघालो. तळमजल्यावरच्या नानांना तिथे वाचनालय हवं होतं. काय वाचणार, असं विचारलं तर म्हणाले, "वाचायचंय कोणाला? डोक्यावर पंखा असतो, कोणी बोलत नाही." दुसऱ्या माळ्यावरच्या काकूंना मंगल कार्यालय हवं, मात्र वाजंत्री नको. मंडळाच्या पोरांना व्यायामशाळा आणि मंडपाचं सामान ठेवायला एक खोली. खोलीचं माप त्यांनी आधीच घेऊन ठेवलं होतं.

शेजारच्या उपकरप्राप्त चाळीतले लोक मात्र वेगळंच बोलले. त्यांची इमारत पुनर्विकासाच्या ३३(७) नियमाखाली पाडायचं घाटतंय. "इथेच संक्रमण शिबिर बांधा," ते म्हणाले, "नाहीतर टाकतील कुठेतरी लांब. मग परत येतंय कोण!" मी वहीत लिहून घेतलं आणि गप्प बसलो. तात्पुरते म्हणून डोंबिवली-विरारला गेलेले किती संसार तिकडचेच झाले, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे. त्यांची मुलंही तिकडच्या शाळांत गेली. आम्ही उरलेल्यांनी आपली इंग्रजी शाळेत घातली.

"शाळाच परत सुरू करा की," असं म्हणणारा एकच भेटला, तो म्हणजे शाळेचा निवृत्त शिपाई. त्याचं मत मी 'इतर' या सदरात टाकलं.

अर्ज मात्र झकास जमला. शाळेची जागा सार्वजनिक न्यासाची, ती विकायला १९५० च्या कायद्याच्या कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची मंजुरी लागते, हे ठणकावून लिहिलं. शिक्षण हक्काच्या नियमांनुसार पहिली ते पाचवीची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत हवी, हेही घातलं. माझी नात रोज पिवळ्या बसमधून त्याच्या कितीतरी पलीकडे जाते. पण अर्ज सार्वजनिक हिताचा होता, त्यात नातीचा विषय कशाला? शेवटी 'परिसरातील एकमेव मोकळी जागा' असं लिहून पटांगणाचे फोटो जोडले. फोटोंसाठी वेगळी खेप घालावी लागली नाही, सकाळी मी तिथे असतोच.

सुनावणीला अख्खी गल्ली माझ्या मागे उभी. समोरच्या अधिकारी बाई वयाने माझ्या मुलीएवढ्या. त्यांनी अर्ज अगदी अखेरपर्यंत वाचला. अर्ज कोणी वाचेल याची मी तयारीच ठेवली नव्हती.

"वाचनालय, मंगल कार्यालय, व्यायामशाळा, संक्रमण शिबिर. शिवाय मोकळी जागा मोकळीच राहायला हवी?"

"हो."

"एकाच भूखंडावर?"

"टप्प्याटप्प्याने," मी म्हणालो.

त्यांनी फोटो पुढे ओढला. "या मोकळ्या जागेत इतक्या गाड्या कोणाच्या?"

माझ्यातला नागरिक खवळला. "हेच तर दुर्दैव आहे! बाहेरचे लोक येऊन बिनदिक्कत लावतात."

"ही पांढरी? अगदी पुढची?"

"ती यांचीच," मागून नाना मदतीला धावले. "तिच्या पाठीमागची माझ्या जावयाची. रोज म्हणतो यांना, जरा सरळ लावा, त्याला काढता येत नाही."

मग फोटोभोवती गर्दी झाली. काकूंनी चष्मा लावून आपली गाडी शोधली आणि तिला खेटून कोण उभं आहे, याची चौकशी सुरू केली. मंडळाच्या पोरांच्या मोटारसायकली कोपऱ्यात निघाल्या. संक्रमण शिबिरवाल्यांचा टेम्पो तर वर्गाच्या दारातच होता. कोणी कोणाची वाट अडवली, यावरून आमच्या शिष्टमंडळात जी जुंपली, तेवढ्या तळमळीने आम्ही आरक्षणाबद्दल एक शब्दही बोललो नव्हतो. मी "शांतता, शांतता" म्हणत होतो, पण ज्याची गाडी सगळ्यांत आडवी त्याचं ऐकतो कोण!

बाईंनी पेन उचललं. "सध्याचा वापर," त्या लिहिता लिहिता म्हणाल्या, "वाहनतळ. बरोबर?"

"विनामूल्य," काकूंनी दुरुस्ती केली.