बोअरच्या पाण्यात वरण शिजविण्याची शास्त्रशुद्ध पद्धती

लातूरच्या बाजारात तुरीच्या डाळीला तोटा नाही. तोटा आहे तो ती शिजेल अशा पाण्याचा. म्हणून पातेले चुलीवर ठेवण्यापूर्वी दोष कोणाला द्यायचा हे ठरवावे. लातूर पॅटर्नमध्ये, म्हणजे येथील परीक्षांच्या कसून तयारीच्या पद्धतीत, घडलेला घरातील परीक्षार्थी तत्काळ सांगतो की, पाण्यात क्षार विरघळले की त्याचा बाष्पदाब घटतो आणि उत्कलनबिंदू, म्हणजे पाणी उकळण्याचे तापमान, चढतो. आणि हा फरक कणांच्या जातीवर नव्हे, तर केवळ संख्येवर अवलंबून असतो. विधान बिनचूक आहे आणि स्वयंपाकघरात निरुपयोगी आहे. लिटरमागे दीड ग्रॅम क्षार असले तरी उत्कलनबिंदू अंशाच्या दोन-तीन शतांशांनीच चढतो. पूर्ण एक अंश चढवायचा तर लिटरमागे सुमारे 57 ग्रॅम मीठ घालावे लागेल. शिवाय पाणी अधिक तापले तर डाळ लवकर शिजायला हवी, हे परीक्षार्थीच्या ध्यानात येईपर्यंत कुकरच्या सहा शिट्ट्या होऊन गेलेल्या असतात.

खरा गुन्हेगार कणांची संख्या नसून त्यांची जात आहे. जड पाण्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियम डाळीतील पेक्टिनला, म्हणजे पेशी एकमेकींना चिकटवून ठेवणाऱ्या द्रव्याला, घट्ट बांधून टाकतात आणि डाळ दडस राहते. यावर चिमूटभर खाण्याचा सोडा चालतो, मात्र त्याने ब जीवनसत्त्व नासते. आणि चिंच डाळ शिजल्यावरच घालावी, कारण आंबटपणाही पेक्टिनच्याच बाजूने साक्ष देतो.

संख्येचा नियम खऱ्या अर्थाने लागू पडतो तो जार भरणाऱ्या आरओ यंत्रात. तेथे परासरणाची, म्हणजे पातळ द्रावणातील पाणी पडद्यातून दाट द्रावणाकडे जाण्याची, दिशा पंपाच्या दाबाने उलटवली जाते; क्षार जितके अधिक, तितका दाबही अधिक लागतो. मागे उरलेले क्षारयुक्त पाणी गटारात सोडण्याची प्रथा आहे, आणि 2016 च्या एप्रिलमध्ये ज्या शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले तेथे ती विशेष उठून दिसते. ते पाणी फरशी पुसण्यास वापरावे. गोदाकाठच्या नांदेडकरांनी यावर हसू नये, कारण नळाला पाणी नसते त्या दिवशी त्यांचीही मदार बोअरवरच असते.

डाळ भिजविण्यास व शिजविण्यास जारचेच पाणी घ्यावे, आणि जार रिकामा असल्यास त्या दिवशी पिठले करावे.