अभिनंदन, आपण अजून तिथेच आहात!

सध्या आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांवर अभिनंदनाचा वर्षाव चालू आहे. गृहस्थ पुण्यात राहतात आणि हिंजवडीला नोकरीला जातात. म्हणजे जात होते. मार्चअखेर कंपनीने फेररचना केली, त्या रचनेत हे बसले नाहीत, म्हणून घरी बसले.

नोकरीच्या नेटवर्किंग साईटवरचं प्रोफाइल मात्र त्यांनी बदललेलं नाही. मधे गॅप दिसली की रिक्रूटरचे फोन येत नाहीत, असं जाणकार सांगतात. साईटला त्यांची रुजू झाल्याची तारीख तोंडपाठ, नारळ मिळाल्याची तारीख तिला कोण सांगणार? त्यामुळे परवा सकाळी तिने सर्व संबंधितांना कळवलं की, यांना कंपनीत दहा वर्षं पूर्ण झाली, अभिनंदन करा. मंडळींनी केलं.

कसं केलं तेही बघण्यासारखं आहे. मजकूर सुचावा लागत नाही, तो साईट आधीच लिहून ठेवते. आपण फक्त अंगठा टेकवायचा. पूर्वी अंगठा टेकवणाऱ्याला निरक्षर म्हणत, आता त्याचं 'नेटवर्किंग' उत्तम आहे म्हणतात. तर अंगठेबहाद्दरांमध्ये कोण नव्हतं? कॉलेजातला वर्गमित्र होता, ज्याला गृहस्थ आज समोर दिसले तर ओळखणार नाही. पॉलिसी विकायला आला होता, तो एजंट होता. शेजारच्या डेस्कवरचा सहकारी होता, जो त्याच दिवशी, त्याच लिफ्टने, तसंच पाकीट घेऊन खाली उतरला होता. आणि एचआरच्या मॅडम होत्या. ज्यांनी व्हिडिओ कॉलवर 'हा निर्णय आम्हालाही जड जातोय' असं कागदावर बघून वाचून दाखवलं, त्यांनीच दहा वर्षांच्या सेवेबद्दल अभिनंदन केलं, वर एक फुगाही सोडला. गृहस्थांनी सगळ्यांना 'थँक यू सो मच' पाठवलं. तेही तयारच होतं. एकूण काय, दोन्ही बाजूंनी एक अक्षर न लिहिता शंभरेक माणसांचा पत्रव्यवहार पार पडला.

मग गृहस्थांनी चूक केली. त्यांनी स्वतः टाइप केलं. 'तुमच्याकडे जागा असेल तर माझं नाव सुचवाल का?' एवढंच. त्यावर सगळीकडे सामसूम. संदेश वाचल्याच्या खुणा उमटल्या, पुढे काही नाही. अहो, नाही तर नाही म्हणा! 'आमच्याकडेही कपात चालू आहे' हे चार शब्द लिहायला सकाळच्या त्या फुग्याहून किती जास्त वेळ लागतो? पण फुगा सगळ्यांना दिसतो, नकार एकालाच दिसतो. जे दिसत नाही ते कोण करणार?

या साईटचा उपयोग अजिबात नाही, असं म्हणणार नाही. ज्या पोराचा कंपनीत काका-मामा नाही, ते लातूरच्या वसतिगृहात बसून थेट बड्या मॅनेजरला आपलं काम दाखवू शकतं. आधीच्या पिढीला एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजचं कार्ड नूतनीकरण करत बसावं लागे. 1959 च्या कायद्याने मालकांना रिकाम्या जागा कळवणं बंधनकारक केलं, पण कळवल्यावर तिथूनच माणूस घेतला पाहिजे, असं बंधन मुद्दाम घातलं नाही. आता कायद्याचा धाकही लागत नाही. जागा स्वखुशीने जाहीर होते, अर्जांचा ढीग पडतो, महिन्याने तीच जागा 'नवीन' म्हणून पुन्हा झळकते. कुणाला घेतलं, मुळात घ्यायचं होतं का, हे विचारायची सोय नाही. तुमचं प्रोफाइल कुणी पाहिलं, एवढं मात्र पैसे भरून बघता येतं.

आणि त्या जाहिरातींतली ती एक ओळ! 'त्वरित रुजू होणारेच हवेत.' हे कोण लिहितं? जी स्वतःच्या माणसाला 90 दिवसांच्या नोटीस पिरियडशिवाय दारातून हलू देत नाही, तीच कंपनी. बरं, आमचे गृहस्थ उद्या सकाळी नऊला हजर होऊ शकतात. तर त्यांना पहिला प्रश्न येतो, 'सध्या मोकळे का आहात?' म्हणजे माणूस उद्या यायला हवा, पण आज तो दुसरीकडे नोकरीत हवा, आणि तिथे त्याला तीन महिने अडकवलेलं असणार हे यांना पक्कं ठाऊक, कारण अडकवण्याचा नियम यांचाही तोच! असा माणूस अजून कुठल्या आईच्या पोटी जन्मलेला नाही. मग हेच महाभाग परिषदांच्या व्यासपीठांवर जाऊन गळा काढतात की, देशात कामाची माणसंच मिळत नाहीत. मिळतील कशी? आलेली माणसं तुम्ही जिन्यावरूनच परत पाठवता.