सहा मिलिमीटरचे सेनापती : नवशिक्यांसाठी

चाळिशी उलटली आहे, पगार बरा आहे, कंबर अधूनमधून धरते आणि चष्म्याचा नंबर नुकताच वाढलाय? अभिनंदन. साबुदाण्याएवढे शिपाई रंगवून त्यांच्या लढाया लढायला याहून चांगला मुहूर्त नाही. इंग्लंडात आलो तेव्हा मी शेजाऱ्याला सहज विचारलं होतं, शनिवारी इथले लोक करतात काय? त्याने एका सभागृहाचा पत्ता दिला. सोळा वर्षं झाली त्याला. खाली दिलाय तो या सोळा वर्षांचा अर्क. पायऱ्या गाळू नका.

1. आधी घराणं सांगायला शिका. "या वयात खेळणी?" हा प्रश्न येणारच. घाबरू नका. प्रशियाच्या रायस्वित्झ नावाच्या लेफ्टनंटाने 1824 मध्ये नकाशा आणि फासे घेऊन असाच खेळ रचला आणि तिथल्या लष्कराने तो अधिकाऱ्यांच्या शिक्षणात घेतला, हे ठणकावून सांगा. मग एच. जी. वेल्स काढा. त्याने 1913 साली 'लिटल वॉर्स' लिहिलं, त्यात खेळणाऱ्याची वयोमर्यादा दीडशे वर्षांपर्यंत ठेवली, म्हणजे तुमच्या हातात अजून शंभरेक वर्षं आहेत. खऱ्या युद्धापेक्षा हे छोटं युद्ध किती बरं, असं वेल्सने त्या पुस्तकात पटवून दिलं होतं. पुढच्याच वर्षी महायुद्ध पेटलं, हे पाहुण्यांना सांगायची गरज नाही. ब्रिटनमध्ये हा छंद रुजवणाऱ्यांपैकी एक डोनाल्ड फेदरस्टोन. त्यांचं 'वॉर गेम्स' 1962 चं. व्यवसायाने ते फिजिओथेरपिस्ट होते. टेबलावर वाकून सहा तास काढले की यात योगायोग वाटत नाही.

2. माप निवडा. शिपाई 25 मिलिमीटरचे मिळतात, 15 चे मिळतात. तुम्ही 6 चे घ्या. कारण सोपं आहे: छोटे शिपाई स्वस्त पडतात, त्यामुळे पैसे वाचतात, आणि वाचलेल्या पैशांत तिप्पट शिपाई येतात. हिशेब दोनदा तपासू नका. (2 मिलिमीटरचेही मिळतात. त्या वाटेला गेलेला माणूस परत आलेला मी पाहिला नाही.)

3. रंगवा. रंगवण्यापूर्वी निदान तीन महिने वाचन करा. 1803 साली अमुक पलटणीच्या कॉलरची पट्टी पिवळी होती की फिकट पिवळी, यावर दोन पुस्तकं विकत घ्या. दोन्हींत एकवाक्यता नसेल, मग तिसरं घ्या. आता भिंग लावलेला दिवा पेटवा, ज्यात तीनच केस शिल्लक आहेत असा ब्रश उचला, श्वास रोखा आणि छातीवरचे पांढरे आडवे पट्टे ओढा. चेहरा म्हणजे एक ठिपका. डोळे काढू नका. पहिल्या वर्षी सगळेच डोळे काढतात आणि दुसऱ्या वर्षी स्वतःचे तपासायला जातात.

पलटण पूर्ण झाली की ती टेबलावर ठेवा, तीन फूट मागे सरका आणि डोळे भरून पाहा. करडा डाग दिसेल. माझी आई सहा महिन्यांच्या व्हिसावर आली होती, तेव्हा मी तिच्यासमोर मोठ्या कौतुकाने दोनशे चाळीस घोडेस्वार मांडले. ती बराच वेळ वाकून बघत होती. शेवटी म्हणाली, "छान आहे रे. पण ओवा असा उघडा का ठेवलास?"

4. न रंगवलेले शिपाई साठवा. यासाठी वेगळे प्रयत्न लागत नाहीत. एप्रिलच्या सुमारास लंडनला 'सॅल्यूट' नावाची या छंदाची मोठी जत्रा भरते. तिथे 'फक्त बघायला' जा.

5. रणभूमी उभारा. सहा फूट बाय चार फुटांचं टेबल हवं. जेवणाचं टेबल त्याच मापाचं निघतं, आणि कुटुंबीय मांडीवर ताट घेऊन जेवायला शिकतात. लग्नाच्या पंगतीत बसलो तेव्हा कुठे टेबल होतं?

आता प्रमाणाचा प्रश्न. समजा टेबलावरचा एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचा एक मीटर. म्हणजे तुमचा 6 मिलिमीटरचा शिपाई सहा मीटर उंच, दुमजली घराएवढा. त्याला शोभेल असं घर करायचं तर ते तीन सेंटिमीटरचं होतं, म्हणजे जमिनीवर तीस मीटर. अशी दोन घरं ठेवली की अख्खं गाव झालं. तीन ठेवलीत तर तालुका. झाड एक लावा आणि त्याला जंगल म्हणा. प्रतिस्पर्धी त्याला झाडच म्हणेल, कारण त्याला तिथून तोफा न्यायच्या असतील. म्हणून खेळ सुरू होण्याआधी ते जंगल आहे असं लिहून, सही घेऊन ठेवा.

गवतासाठी हिरवा भुसा मिळतो. त्याची बरणी स्वयंपाकघरात ठेवू नका. कसुरी मेथीच्या शेजारी तर नकोच. पोह्यांच्या त्या सकाळीबद्दल आमच्या घरी अजूनही बोलत नाहीत.

6. नियम. हल्ली तासाभरात संपणारे खेळ निघालेत. 1990 च्या 'डीबीए'मध्ये तर दोन्हीकडे बारा-बारा तुकड्या, की झालं सैन्य. असल्या उथळपणाच्या नादी लागू नका. तुम्ही जुनं धरा. 1980 ची, 'वॉरगेम्स रिसर्च ग्रुप'ची प्राचीन युद्धांच्या नियमांची सहावी आवृत्ती जुन्या पुस्तकांच्या ढिगात कुठे सापडली तर छातीशी धरा. हे नियम लिहिणाऱ्या फिल बार्कर यांची वाक्यं या छंदात इतकी प्रसिद्ध आहेत की त्या भाषेला खेळाडूंनी 'बार्करीज' असं स्वतंत्र नाव दिलंय. प्रत्येक वाक्य बरोबर असतं. ते तिसऱ्या वाचनात कळतं आणि चौथ्यात पुन्हा निसटतं. ज्ञानेश्वरीला निदान टीकाकार आहेत.

फासेसुद्धा साधे नकोत. 'सरासरी फासा' मागवा: त्यावर 2, 3, 3, 4, 4, 5 असे आकडे असतात. नशिबाने फार डोकं वर काढू नये म्हणून ही सोय.

आता मारामारी. असल्या जुन्या नियमांत एक शिपाई म्हणजे वीस माणसं. सहाशेची पलटण तीस शिपायांची. समोरून गोळीबार झाला, तुम्ही कोष्टक पाहिलं, अंतर मोजलं, आडोसा वजा केला, दमणूक वजा केली, आणि सत्तेचाळीस माणसं मेली असं ठरलं. दोन शिपाई उचला. उरलेले सात जण वहीत लिहा. हे सात जण मेलेत, पण टेबलावर जिवंत उभे आहेत आणि पुढच्या फेरीत आणखी तेरा मरेपर्यंत उभेच राहणार. नवशिक्याला हे जड जातं. ज्यांनी सरकारी कार्यालयात पेन्शनचे कागद दाखल केले आहेत त्यांना चटकन समजतं.

हे झालं की धैर्याची चाचणी. पलटण टिकेल की पळेल? सेनापती जवळ आहे, अधिक एक. शेजारची पलटण पळाली, वजा दोन. बेरीज करा, फासा टाका. पळाली. ज्या पलटणीच्या कॉलरवर तुम्ही तीन महिने घालवलेत तीच नेहमी पळते. हा नियम कुठल्याही पुस्तकात छापलेला नाही.

7. वाद घालायला शिका. मोजपट्टी हळूच तिरकी धरा. "तुझी टेप ताणलेली आहे" हे वाक्य हसत म्हणा.

8. इतिहासातली लढाई घ्या. इथे मी घायकुतीला येतो, कारण आमच्या क्लबात दरवर्षी असई खेळतात. जालना जिल्ह्यातलं असई, 23 सप्टेंबर 1803. माझं नाव ऐकून त्यांनी पहिल्या दिवशीच मला शिंद्यांच्या बाजूला बसवलं. 'तुमचीच लढाई' म्हणून. शिंद्यांच्या कवायती पलटणींचा सेनापती पोलमन हा हानोव्हरचा जर्मन होता, हे मी सोळा वर्षं सांगतोय. क्लबातला एकमेव जर्मन दरवर्षी इंग्रजांचा सेनापती वेलस्ली होतो.

खऱ्या लढाईत वेलस्लीच्या वाटाड्यांनी सांगितलं होतं, केळणा नदीला इथे उतार नाही. त्याने पाहिलं, दोन्ही काठांवर समोरासमोर गावं आहेत, मग ये-जा होत असणारच. त्याने फौज तिथून नेली, आणि उतार निघाला. तर मी काय करणार? मी पहिल्याच फेरीत उतारावर चाळीस तोफा लावतो. यावर सगळे ओरडतात की तुला उतार माहीतच नव्हता. बरोबर. पण वेलस्लीला माहीत नव्हता आणि तोही सरळ तिकडेच निघालाय. (वॉटर्लूच्या दिवशी नेपोलियनही असाच सकाळपासून प्रशियनांची वाट बघत बसतो.) यावर जुना तोडगा आहे: गावांची नावं बदला, गणवेश बदला, नकाशा आरशात फिरवा, म्हणजे कुणाला लढाई ओळखता येणार नाही. मागच्या वर्षी तसं केलं. केळणेला डॅन्यूब म्हटलं. मी नदी पाहिली आणि चाळीस तोफा उतारावर लावल्या.

असईची लढाई अंधार पडायच्या आत संपली होती. वेलस्लीची दीड हजारांवर माणसं त्यात मेली किंवा जखमी झाली आणि त्याने 98 तोफा जिंकल्या. आमची गेल्या वर्षीची असई दोन शनिवार चालली आणि माझे घोडेस्वार अजून निघाले नव्हते.

9. शेवट करू नका. पाच वाजता सभागृह झुंबाच्या वर्गाला द्यावं लागतं. शिपाई डब्यात भरा, वहीतले मेलेले सात जण तसेच राहू द्या, आणि आपणच जिंकत होतो असं गाडीत बसेपर्यंत म्हणत राहा.

यंदाची असई येत्या शनिवारी आहे. शिंद्यांच्या बाजूला एक जागा रिकामी झालीय. सकाळी नऊला या, डबा आणा, आणि मोजपट्टी स्वतःची आणा.